नखाएवढी फट

मोटारसायकल गॅरेजात लावली की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत नाना मिस्तरी हात वर करायचे. "तुम्ही नका सांगू. तिले सांगू द्या." मग गाडी चालू करून दोन्ही मुठींवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि देवासमोर उभं राहावं तसे मिनिटभर उभे राहायचे. डोळे उघडले की निकाल. "टायमिंग चेन." किंवा, "काही नही, इंजिनना बोल्ट ढिला शे." गिऱ्हाईक घरून जी कहाणी पाठ करून आलेलं असे, ती त्याच्या घशातच राहून जाई.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नाडी बघून रोग सांगणारे वैद्य आपल्याकडे संपले, पण मिस्तरींमध्ये एखादा शिल्लक असतो. आमचा जळगावात पिंप्राळ्याला होता. कडुलिंबाखाली पत्र्याचं शेड, आत तेलाने काळी झालेली जमीन आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं 'घाई असणाऱ्याने दुसरीकडे जावे'. गिऱ्हाइकाशी नाना शहरी मराठी बोलायला जायचे आणि दुसऱ्याच वाक्याला पारोळ्याकडची अहिराणी तोंडात यायची.

माझी नोकरी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ; खेड्यात त्या रोगाला रक्तपिती म्हणत. एरंडोल, पारोळा या भागातल्या खेड्यांत मोटारसायकलवर हिंडायचं, लोकांना सदरे काढायला लावायचे, पाठीवर फिकट चट्टा दिसतो का बघायचं, डोळे मिटायला सांगून कापसाने स्पर्श करायचा आणि विचारायचं, कळलं का. पोरं मला 'चट्टेवाला साहेब' म्हणत. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान बरेचदा रिकामं राही, आणि खोटं कशाला बोलू, वाढपीही माझ्यापुढे थोडा लांबूनच वाढायचा. नानांनी मात्र माझ्या कामाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मला तो त्यांचा सभ्यपणा वाटला.

ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या नव्या, हलक्या गाड्या आल्या. त्यांच्या हँडलच्या दोन्ही टोकांना लोखंडाचं एकेक गोल वजन बसवलेलं असे. आम्हा कोणालाच ते कशासाठी हे माहीत नव्हतं. त्या काळात मुठींना रंगीबेरंगी झुरमुळ्या लावायची फॅशन होती आणि ही वजनं मध्ये यायची. माझ्या नव्या गाडीच्या वजनांकडे बघून नाना हसले. "हाई ते बाईना कानातलं शे. काढू?" मी म्हटलं, काढा.

काढणं सोपं नव्हतं. स्क्रू कारखान्यातूनच जाम आवळलेला, फिरवायला गेलं की वजन नळीतल्या रबरासकट गोल फिरायचं. नानांनी रॉकेल सोडलं, वजनाला सुती फडकं गुंडाळून पान्ह्याने धरलं, पेचकसाच्या डोक्यावर हातोडीचा एक ठोका दिला आणि स्क्रू सुटला. वजनं त्यांनी डब्यात टाकली. मी झुरमुळ्या उडवत पारोळ्याला गेलो, आणि पोहोचेपर्यंत माझ्या बोटांना अशा मुंग्या आल्या की पेन धरवेना.

आठवडाभर मी कुरकुर केली. "तुम्ही मूठ लई आवळता, भाऊ," नाना म्हणाले. पण बोलून गप्प बसणारा माणूस नव्हता. एका रविवारी त्यांनी माझी गाडी घेतली, वजनांशिवाय एरंडोलपर्यंत जाऊन आले, वजनं लावून पुन्हा गेले. परत आले तेव्हा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. "रिकामं ताट वाजस, भाऊ. भरेल ताट वाजत नही. हँडल म्हणजे रिकामी नळी. इंजिननी थरथर टोकाले येस. तठे वजन ठेवा, थरथर मरस." कोणत्याही पुस्तकाने मला इतक्या थोडक्यात समजावलं नसतं. त्यांनी डबा पालथा केला, लोकांची काढलेली वजनं शोधली आणि ज्याची त्याला फुकट बसवून दिली. वर दम, की पुन्हा कानातलं काढशील तर माझ्या दारात येऊ नको.

बसवायचंही एक शास्त्र होतं. उजव्या हाताला ॲक्सिलेटरची मूठ फिरते. तिच्यात आणि वजनात नखाएवढी फट ठेवावी लागते. नाही ठेवली तर मूठ वजनाला घासून अडकते आणि गाडी वेग सोडत नाही. नाना ती फट डोळ्यांनी बघत नसत. करंगळीचं नख घालून बघत.

यानंतर नानांना वजनांचं वेडच लागलं. शिसं वितळवून स्वतःच्या जुन्या गाडीच्या हँडलमध्ये ओतायचे, एरंडोलची फेरी मारायचे, यायचे आणि हात झटकून बघायचे. मग आणखी शिसं. ती गाडी वळवायला पैलवान लागायचा. आम्ही थट्टा करायचो, "नाना, आता हँडलला जातं बांधा." ते हसायचे नाहीत. म्हणायचे, "अजून करंगळी झोपेलच शे. थोडं वजन वाढवना पडी."

आणि एकदा त्यांनी मला विचारलं. दुपार होती, गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं. दोन्ही हात माझ्यासमोर पुसत म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकेल माणूस. वजन बरोबर बसलं ते हातना बधीरपणा बठ्ठा जाई ना?"

मी म्हणालो, "जाईल की. माझा नाही का गेला?"

असं म्हणून मी गाडीला किक मारली. तो प्रश्न ज्या आवाजात विचारला होता तो आवाज मी रोज खेड्याखेड्यांत ऐकत होतो, आणि तरी मला ऐकू आला नाही.

त्या वर्षी लोक नानांचं एक कौतुक सांगायचे. तापलेल्या सायलेन्सरला हात लागला तरी मिस्तरी हात मागे घेत नाही. मीही ते कौतुक दोनचार जणांना सांगितलं. बोटांवर फोड यायचे, नाना चिंधी बांधून कामाला लागायचे. "कातडी पक्की झाली," म्हणायचे. शेकडो पाठी तपासलेला मी दर महिन्याला त्या हातांत गाडीची किल्ली देत होतो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

मग माझीच गाडी अडकली. सकाळी नानांनी केबल बदलून, वजन पुन्हा बसवून दिली. एरंडोलच्या अलीकडे समोर बैलगाडी आली म्हणून मी मूठ सोडली, तर मूठ मागे येईना. गाडी तशीच पळत राहिली. मी ती रस्त्याखाली घातली आणि कपाशीत जाऊन पडलो. ढोपर फुटलं, बाकी देवाची कृपा. उठून बघितलं, तर मूठ वजनाला चिकटून बसलेली. फट नव्हतीच.

करंगळीने फट मोजणाऱ्या त्या माणसाची फट चुकते म्हणजे काय, हे मला तिथे कपाशीत बसल्या बसल्या कळलं. ढोपरातलं रक्त पुसलं आणि पिशवीत तपासणीचा कापूस आहे ना ते बघितलं.

संध्याकाळी गॅरेजात गेलो. म्हटलं, "नाना, बसा. डोळे मिटा." कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. बसले. मी कापसाची वात करंगळीवर टेकवली. ते गप्प. शेजारच्या बोटावर टेकवली. गप्प. मग मी काहीच न लावता नुसता थांबलो, आणि नाना घाईघाईने म्हणाले, "लागलं. करंगळीले लागलं ना, भाऊ?" या रोगात सुजते ती कोपरामागची शीर मी चाचपली. दोरीसारखी जाड झाली होती. सदरा वर केला तर खांद्याच्या मागे तळहाताएवढा फिकट चट्टा. खेड्यात हे बघून मी सरळ रोग्यांची वही काढायचो. इथे माझा हात खिशाकडे जाईना.

नानांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एकडाव शिसं वाढाडी दखूत का?"

मी सांगितलं ते सगळं खरं होतं. औषध आहे, गोळ्या नेमाने घेतल्या तर रोग नक्की बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्या कोणाला लागत नाही. एकच खरं मी गिळलं. मेलेली जाणीव गोळीने परत येईलच असं नाही.

"जळगावले नाव नका लिहू," ते म्हणाले. "पिंप्राळ्यात समजी गयं, ते मन्हा हात लागेल मूठ कोन धरी?" हे मात्र मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी रिकाम्या पानाशेजारी जेवलेला माणूस. ओळखीने मी त्यांचं नाव धुळ्याच्या दवाखान्यात लावलं. दर महिन्याला नाना एसटीने धुळ्याला जायचे, शेडवर पाटी लावून, 'स्पेअर पार्ट आणायला गेलो आहे'. त्यांनी एकही खेप चुकवली नाही. दोन वर्षांत रोग बरा झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं.

पण तोवर दोन बोटं आत वळली होती आणि बारीक स्क्रू हातात राहत नव्हता. पडलेला स्क्रू शोधायला नाना काळ्या जमिनीवर गुडघ्यांवर फिरायचे. गिऱ्हाइकं मुकाट्याने दुसरीकडे जाऊ लागली. कोणी काही बोललं नाही. वाईट वागणारी माणसं असती तर भांडता तरी आलं असतं. एके दिवशी शेडला कुलूप दिसलं. नाना आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, गावी निघून गेले होते.

मी वर्षभर गेलो नाही. काम होतं, असं म्हणतो. एका उन्हाळ्यात पारोळ्याला तपासणी होती, तेव्हा धीर करून त्यांच्या खेड्यात गेलो. नाना ओट्यावर बसले होते, अंगाने अर्धे झालेले. वहिनींनी चहा आणला. नाना कप दोन्ही तळहातांत धरून चहा प्यायले. मी पाऊसपाण्याचं बोललो. भिंतीकडे बघून बोलत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "नाना, तुम्ही त्या दुपारी मला विचारलंत तेव्हाच मी हात धरून बघितला असता, तर बोटं वाचली असती. मला खरंच कळलं नाही हो."

नाना शांतपणे म्हणाले, "माले माहीत व्हतं, भाऊ."

मला वाटलं, माझी समजूत घालताहेत. पण ते पुढे बोलले. "मन्हा बापले व्हती रक्तपिती. गावबाहेर मळामा एकलाच राहे. भाकर मीच लई जाऊ. त्याना हात कसा व्हयना ते मी बठ्ठं देखेल शे. मन्हा तोंडातून ते नाव निंघत नव्हतं. म्हनून तुमना समोर हात ठेवू. वाटे, आज तरी तुम्ही वळखशात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो घेतला असता. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या. ऊन चढायच्या आत निघा, असं नानाच म्हणाले, आणि मी निघालो. गाडीला किक मारली, त्या दुपारसारखीच.

पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो, या वेळी बोलायचंच असं ठरवून. ओट्यावर कोणी नव्हतं. वहिनी म्हणाल्या, पोळ्याच्या आधीच गेले, चार दिवसांच्या तापाने. मी खाली बसलो. वहिनी माझ्यासमोर बसल्या, त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचे दोन्ही हात, तळवे वर करून, माझ्यापुढे धरले.