हुपरीच्या बाईची मुकी सोबत

म्हातारपणी मी एका बाईचा हेवा केला, आणि ती बाई माझ्या लेकीशी धड बोलतसुद्धा नव्हती. आता लपवून काय करू?

लेक माझी चाळिशीची. घरीच ब्लाऊज शिवते, मी तिच्याजवळच राहते. हात असा की बघत बसावं. पण एक ब्लाऊज कापायला घेतला की दुसऱ्याची बाही आठवते, बाही शोधताना चहा आठवतो, आणि तो चहा उतू जातो. गिऱ्हाईक बायका दारात येऊन बोलून जायच्या. आम्ही सगळे तिला आळशीच म्हणत आलो, मीही. मागच्या वर्षी डॉक्टरबाईंनी सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात, हा लक्ष न टिकण्याचा त्रास मोठ्यांनाही असतो. गोळ्या दिल्या आणि दर शनिवारी गटाला बोलावलं. तसलीच आठ-दहा माणसं एकत्र बसणार, आपलं डोकं कसं चालतं ते समजून घेणार.

"चारचौघांत घरातलं सांगायचं?" मी म्हटलं.

"ती पण माझ्यासारखीच हायत की. कोण कुणाला हसणार?"

पहिल्या शनिवारी घरी आली ती हसतच. एकजण म्हणे कुकर लावून गाडी धुवायला गेला आणि गाडी घेऊन थेट सासुरवाडीला पोचला. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्यापाशी ती अशी कधी हसली होती, आठवेना. तिथंच टोचलं मला.

गटात शिकवलं, एकट्यानं काम होत नसेल तर कुणाची तरी सोबत घ्या. दोघांनी आपापलं काम करायचं, बोलायचं नाही. हिला सोबत मिळाली गटातल्याच हुपरीच्या एका बाईची. ती घरी चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडते. दुपारी दोन वाजता तिचा व्हिडिओचा फोन यायचा, ही मोबाईल मशीनला टेकवून ठेवायची, आणि दोघी दोन तास माना खाली घालून. ब्लाऊज वेळेवर जायला लागले.

आता तुम्हीच सांगा, लहानपणापासून हिच्या अभ्यासाला शेजारी कोण बसलं? परीक्षेला सेंटरच्या दारापर्यंत कोण गेलं? आणि काम व्हायचं ते त्या परक्या बाईच्या सोबतीनं.

एकदा लेक गच्चीवर कपडे काढायला गेली होती. फोन वाजला, मी उचलला.

"आई, ताईंना द्या की. बसायची वेळ झाली."

"ती मोकळी न्हाय. रोज रोज नको करूस बाई, तिला अडचण हुतीया."

फोन यायचा बंद झाला. लेक दोन वाजले की मोबाईलकडं बघायची. आपण करावा, तर तेही धाडस होईना. चौथ्या दिवशी हातातली कात्री ठेवून म्हणाली, "कंटाळली असंल मला. सगळीच कंटाळत्यात. शनिवारी जात न्हाय मी आता."

शनिवारी घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मीच तिच्या मागं लागून तिला नेलं. डॉक्टरबाईंनी आम्हा घरच्यांना एकेक करून विचारलं, "तुम्हाला हा गट पटला का?"

मी उभी राहिले. "पटला बाई. पण मला गोड न्हाय लागला. हिचा दुपारचा फोन मीच बंद पाडला."

मग समोरून हुपरीची बाई हळूच म्हणाली, "मला वाटलं, ताईच कंटाळल्या मला."

लेकीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रिक्षानं घरी आलो, जिना चढलो. कुलूप काढताना म्हणाली, "तू शेजारी बसलीस की मला बरंच वाटतंय आई. पण तू बोलतीस."

"मी कुठं बोलते?"

"आत्ता रिक्षावाल्याच्या पोरीचं लगीन कुठं ठरलं ते विचारत आलीस."

आता दुपारी मीही तिच्याशेजारी बसते, ब्लाऊजला हूक लावत, ओठ मिटून. तिकडून हुपरीची बाई विचारते, "आई हायत काय?"

"हायत. गप बसल्यात."

दोघी हसतात. ते हसू मला अजून झोंबतं. पण तोंड उघडलं तर लेक मला तिथून उठवेल, म्हणून मी पुढचा हूक घेते.