घरी बसलेला ड्रायव्हर

भिंगरी गाडी चालवता चालवता झोपते, ही शंका तिच्या आईच्या मनातून काही केल्या जाईना. भाजी चिरताना, नवऱ्याचं तोंड पुसताना, बँकेच्या रांगेत उभं असताना तेच चित्र डोळ्यांपुढे यायचं: मान कललेली, हात स्टिअरिंगवर सैल पडलेले आणि मागे वॉशिंग मशीनांनी गच्च भरलेला लांबलचक ट्रेलर.

पोरीच्या पायाला भिंगरी, म्हणून नावही तेच पडलं. सुट्टीत इतर मुली आजोळी जायच्या, ही बापाच्या केबिनमध्ये. बाप मालवाहतुकीतला जुना ड्रायव्हर. या शहरात माल भरायचा आणि सीमा ओलांडून दूरच्या दुसऱ्या शहरात उतरवायचा. आईने पोरीला पदवीपर्यंत शिकवलं, मालवाहतुकीच्याच कचेरीत चिकटवलं. तिथे ती दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या पडद्यावरच्या नकाशात सरकताना बघायची.

"आई, दुसऱ्यांना वाढून आपलं पोट भरतं का गं?" असं म्हणाली आणि मोठ्या गाडीचा परवाना काढूनच घरी आली. आईने डोक्याला हात लावला. बाप मिशीतल्या मिशीत हसला.

पुढे त्याच बापाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. त्याची फेरी भिंगरीने उचलली.

या फेरीतलं खरं दुखणं म्हणजे सीमेवरची रांग. लोकांना वाटतं, रांगेत काय, ताणून द्यावी. पण पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकायचं. नाही सरकलं तर मागचे हॉर्नने कान किटवतात, कुणीतरी मध्ये घुसतं आणि नंबर जातो. डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पलीकडे माल मात्र ठरल्या वेळी हवाच. ड्रायव्हर किती तास चालवतो ते केबिनमधलं यंत्र मोजतं. ज्याने त्याने आपलं कार्ड त्यात सरकवायचं, तास संपले की गाडी बाजूला लावून झोपायचं. आईची सगळी भिस्त त्या यंत्रावर होती.

एका दुपारी पेन्शनच्या कचेरीतून फोन आला. तुमचे मिस्टर आता गाडी चालवणार नाहीत, तेव्हा त्यांचं कार्ड जमा करा. तिने खण उघडला. चष्मा होता, हातमोजे होते, कार्ड नव्हतं.

"अहो, तुमचं कार्ड कुठाय?"

नवरा भिंतीकडे बघत राहिला.

"भिंतीला नाही विचारलं मी."

"दि... दिलं. तिला."

आधी तिला काही उमगलंच नाही. मग उमगलं. पोरीचे तास संपले की यंत्रात बापाचं कार्ड! यंत्राच्या लेखी पोरगी गाढ झोपलेली, आणि ज्याला चमचा धरवत नाही तो हा माणूस घाटातून गाडी हाकतोय.

"बाप आहात ना तिचे?"

"सग... सगळेच करतात."

"करतात तर! तुमचा गाडीवरचा जोडीदारही करायचा. जाऊन विचारू त्याच्या बायकोला?"

जोडीदार झोपेत पुलाचा कठडा तोडून गाडीसकट खाली गेला होता. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

तिने भिंगरीला फोन लावला.

"काय गं आई? माल भरून होतोय, निघतेच आहे."

"बाबांचं कार्ड घेऊन आधी घरी ये."

पलीकडून हसू आलं.

"बाबा हल्ली काय झकास चालवतात म्हणून सांगू! माझ्यापेक्षा बरे."

"भिंगरे, थट्टा पुरे. मागच्या फेरीत गाडीचा आरसा कशाने फुटला?"

"सांगितलं ना, खडा उडाला."

"माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग."

"शपथा काय घालतेस... खांबाला घासला. एक क्षण पापणी मिटली. कुणाला काही झालं नाही, बास?"

"आज जाऊ नकोस."

"आज नाही गेले तर मालक ही फेरी दुसऱ्याला देतो. मग बस म्हणावं घरी. तू उगाच जीव टांगणीला लावून घेतेस. चल, दरवाजे लागले मागचे."

त्यानंतर तिने फोन उचललाच नाही.

आई नवऱ्याच्या पलंगाच्या कडेला बसली. मालकाला सांगावं? त्याला माल पोचल्याशी मतलब. तो कानाडोळा करील. राहिलं तपासणी पथक. त्यांचा नंबर हमरस्त्यावरच्या फलकाफलकावर असतो, येता-जाता वाचून तिलाही पाठ झालेला. त्यांना कळवलं तर गाडी सीमेआधीच अडवतील. पोरीचा परवाना जाईल. कार्ड दिलं म्हणून नवऱ्यालाही जाब विचारतील. आणि आपल्याच आईने चहाडी केली म्हटल्यावर भिंगरी जन्मात तोंड बघणार नाही. न का बघेना.

तिने फोन हातात घेतला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की गाडीचा नंबर आपल्याला ठाऊकच नाही.

"नंबर सांगा गाडीचा."

नवऱ्याने मान हलवली. नाही.

"एकच पोर आहे हो आपल्याला."

त्याने मान तिच्याकडे वळवली. मग एकेक आकडा जिभेवरून ढकलत त्याने नंबर सांगायला सुरुवात केली. मध्ये एका आकड्यापाशी अडला. ती थांबली. शेवटचा आकडा मिळाल्यावर तिने एकदा सगळा नंबर म्हणून दाखवला, त्याने मान डोलावली, आणि तिने पथकाला फोन लावला.