भेटीची वेळ संपली

वॉर्डाच्या दारात उभं राहायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, "चला, टाइम झाला. निघा आता." रोज संध्याकाळी पाचला आमच्या सिस्टरबाई एवढंच करत. आवाज चढवत नसत. त्या टाळ्यांनी भेटायला आलेले लोक मुकाट उठत. एकदा तर एक पेशंटही उठून चालू लागला होता, त्याला परत आणावं लागलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावलीकडच्या एखाद्या सरकारी दवाखान्यात तुम्ही गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, इकडे पेशंट एकटा भरती होत नाही, गाव भरती होतं. धानाची कापणी अर्धी टाकून लोक पिकअप भरून येतात. भाताचे डबे आणतात, खाटेच्या काठावर बसतात आणि तो किती वाळला हे पेशंटला आळीपाळीनं सांगतात. न येणं म्हणजे नातं तोडणं. मी तिथे औषधं देण्याच्या खिडकीत बसतो, त्यामुळे ही जत्रा मला रोज फुकट बघायला मिळते.

बाईंना या भेटींचा मनापासून राग. "बिमारले आराम पायजे भाऊ, मोर्चा नाई पायजे," त्या मला म्हणत.

बाई स्वतः सिकलसेलच्या पेशंट होत्या. रक्ताचा हा जन्माचा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. थंडी पडली की सांधे असे दुखतात की धडधाकट बाप्यांना रडताना मी पाहिलं आहे. बाई रडत नसत. खिडकीशी येऊन, "आज हाडं बोलून राह्यले," एवढं सांगत, ड्यूटी दुसऱ्या सिस्टरच्या हवाली करत आणि कोपऱ्यातल्या खाटेवर जाऊन पडत. आपल्याच वॉर्डात. पाच वाजले की पडल्या पडल्या टाळ्या वाजवत.

या सगळ्यात त्या एम.ए. करत होत्या. समाजशास्त्रात, बाहेरून, नोकरी सांभाळून. त्यानं पगार वाढणार नव्हता की बढती मिळणार नव्हती. मी एकदा न राहवून विचारलं, "काऊन बाई, कायले एवढा जीव जाळून राह्यल्या?"

बाई वैनगंगेकाठच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. सुया मोजून डब्यात ठेवता ठेवता म्हणाल्या, "लहानपणी मोठी माय माह्या बापाले म्हणत होती, या पोरीले शिकवून काय फायदा, हे कितीक दिवस राहाची? मी आयकत होती. तवापासून जे सुरू करतो ते पुरं करतो."

मोठी माय म्हणजे त्यांची थोरली काकू. बाईंच्या बोलण्यात राग नव्हता. पेशंटचा ताप सांगावा तसं त्यांनी सांगितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

शेवटचा एकच पेपर उरला होता, कुटुंब आणि नातेसंबंधांचा. परीक्षा नेमकी थंडीत यायची आणि थंडीत हाडं बोलायची, त्यामुळे दोन हिवाळे तो हुकला. तिसऱ्या हिवाळ्यात विद्यापीठानं दिलेली मुदत संपत होती. आता हुकला तर आधी पास केलेले सगळे पेपर पाण्यात जाणार होते. आणि परीक्षा आठवड्यावर आली असताना बाई कोपऱ्यातल्या खाटेवर गेल्या.

या वेळी खांदे आणि मनगटं धरली होती, पुस्तक हातात ठरेना. दुखण्याच्या औषधानं डोळ्यांवर झापड. "भाऊ, अक्षरं पोहून राह्यले," त्या म्हणाल्या. "मासे असते तं धरले असते."

चार वाजता त्यांच्या गावचा पिकअप आला. पुढे मोठी माय. खाटेवर टेकताच तिनं रिवाजाप्रमाणे सुरू केलं, "किती वाळली व बाई..." बाईंनी नजरेनंच पुस्तक दाखवलं.

"घे. वाच."

"मले कुठी येते व वाचाले? चौथीपर्यंत शिकली मी."

"मंग चौथीपर्यंतचं वाच."

मोठी मायनं ओळीवर बोट ठेवलं. 'सामाजिक संरचना' हे शब्द पार पडेपर्यंत माझा चहा थंड झाला. पण पार पडले. त्या दिवसापासून नियमच झाला. भेटायला येईल त्यानं एक पान वाचायचं, ज्याला वाचता येत नाही त्यानं पुस्तक धरायचं. "वाचाचं नसन तं निघा," बाई म्हणत.

मला वाटलं, आता गर्दी आपोआप ओसरेल. छे! उलट वाढली. एका मामाचं पान अर्ध्यात असतानाच पिकअप निघाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम फोन केला. "बाई, त्या एकत्र कुटुंबाचं मंग काय झालं?"

"तुटलं," बाई म्हणाल्या.

"अरे अरे," मामा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

मोठी माय रोज यायची. पुस्तकात एके ठिकाणी लिहिलं होतं की आधुनिक काळात नात्यांची वीण सैल झाली आहे. तिनं ते सावकाश वाचलं, परत वाचलं आणि पुस्तक मिटलं. "हे लिवणारा आमच्या गावात कधी बिमार पडला नाई," ती म्हणाली.

बाई हसल्या. हसताना बरगड्या दुखत होत्या, तरी हसल्या. "हे मी पेपरात लिवतो," म्हणाल्या. त्या दिवशी पाच वाजून गेले आणि टाळ्या वाजल्या नाहीत. मी खिडकीतून उठून दोनदा डोकावून आलो.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मी राउंडला जातो आहे, मला काही दिसलेलं नाही," आणि वॉर्डाकडे पाठ करून बराच वेळ राउंड घेत राहिले. उजवं मनगट जेमतेम लिहिण्याइतकं सुटलेलं, डाव्या हातावर सुई पट्टीनं बांधलेली, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, अशा बाईंना मी माझ्या गाडीतून चंद्रपूरच्या कॉलेजात नेलं. मागोमाग पिकअप. भेटीला निघालेल्या लोकांना पेशंट हलवल्याचं कळलं होतं, तेव्हा तेही हलले.

गेटवरच्या शिपायानं अडवलं. "कुठं चालले?"

"पेशंटले भेटाले आलो," मोठी माय म्हणाली.

"अहो, इथं परीक्षा सुरू आहे."

"हो ना. तिथीच हाये पेशंट."

शिपायानं माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. मंडळींनी आवारातल्या झाडाखाली सतरंजी घातली आणि ऑपरेशन चालू असावं तशी गप्प बसून राहिली. डबे उघडले नाहीत. मध्येच मोठी मायनं मला हळूच विचारलं, "भाऊ, तो सैल वीणवाला प्रश्न आला असन का?" मला काय ठाऊक! पण मीही परीक्षेच्या खोलीच्या दाराकडेच बघत होतो.

बाकीचे परीक्षार्थी बाहेर पडल्यावर शेवटी बाई आल्या, भिंत धरत. "पुरा झाला," म्हणाल्या. मग काकूकडे वळून, "तुही गोष्ट लिवली मी."

मोठी मायचा चेहरा वेडावाकडा झाला. "पोरी, मी तवा तुह्या बापाले जे म्हणलं होतं..."

"आयकलं होतं मी," बाई म्हणाल्या. "डबा काढ. भूक लागली."

निकाल लागला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं. मोठी मायनं वॉर्डात पेढे वाटले. "आमचं एम.ए. झालं," ती प्रत्येक खाटेपाशी सांगत होती. तिला कोणी दुरुस्त केलं नाही. बाईंनीही नाही.

पुढच्याच हिवाळ्यात बाई वारल्या, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. तिथे आत कोणाला सोडत नव्हते. गाव बाहेर बसून होतं. बातमी आली तेव्हा मी खिडकी लावून घेतली आणि रडलो. बाहेर औषधाची रांग होती, ती थांबली.

नव्या सिस्टर चांगल्या आहेत, पण त्यांना ओरडावं लागतं, आणि ओरडण्यानं आमच्याकडे कोणी उठत नाही. परवा मोठी मायच्या शेजारणीला भरती केलं. पिकअप आला, डबे आले, शेजारीण किती वाळली ते सांगून झालं. पाच कधीच वाजून गेले होते. सिस्टर ओरडून थकल्या. शेवटी मीच खिडकीतून उठलो, वॉर्डाच्या दारात गेलो आणि दोन टाळ्या वाजवल्या.

सगळे एकदम उठले. मोठी मायनं पिशवीही उचलली. मग सगळ्यांनी दाराकडे बघितलं, मी दिसलो, आणि एकेक करून परत बसले.