गुप्त भंडार आणि मेश्राम साहेब

सरकारी ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. फाइल झटकली की दोन-चार खाली पडतात. दिल्लीतल्या आमच्या मेनफ्रेम विभागात त्यातले निम्मे मेश्राम साहेबांचे. साहेब नागपूरचे, रिटायरमेंटला दोन महिने उरलेले. कोणाला कुठली फाइल उघडता येईल याची नोंद ठेवणारा सिक्युरिटी डेटाबेस त्यांच्याकडे. सकाळी नऊला सगळे एकदम लॉगिन करत आणि प्रत्येकाची नोंद डिस्कवरून वाचता वाचता मशीन धापा टाकी. साहेबांचा एकच हट्ट होता, मला रोज म्हणत, "सीमा, मी जायच्या आत ही सकाळची रांग संपली पाहिजे."

*

उपाय म्हणजे कॅशे वाढवायचा, नेहमी लागणाऱ्या नोंदी मेमरीतच ठेवायच्या. डायरेक्टर खन्ना सरांना काही केल्या कळेना. साहेब म्हणाले, "सर, भाभीजी रोज़ पूछती हैं क्या, चाय में चीनी कितनी?"

"नहीं. दो चम्मच, उनको याद है."

"बस, वही कॅशे."

सर गंभीर झाले. "लेकिन मुझे पिछले महीने शुगर निकली है. वो अब भी दो ही डालती हैं."

"इसीलिए बीच-बीच में रिफ्रेश करना पड़ता है, सर."

*

मंजुरीची फाइल भाषांतराला हिंदी अनुभागात गेली. तिथल्या बाईंनी शब्दकोश उघडला, त्यात 'कॅशे' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ लपवलेला साठा, म्हणून भाषांतर केलं, 'गुप्त भंडार'. आठवड्याभरात दक्षता विभागाचं पत्र हजर: 'मेमरी में गुप्त भंडार किसके आदेश से रखा जा रहा है? उसमें क्या है?'

साहेबांनी एका ओळीत उत्तर लिहिलं, 'आपका भी नाम है.'

ते मी फाडलं आणि दीड पानी खुलासा पाठवला.

*

मंजुरी आली ती साहेबांच्या शेवटच्या आठवड्यात. सोमवारी नऊ वाजता सगळे एका झटक्यात आत. कोणी शाबासकी दिली नाही, एकाने तर विचारलं, "आज छुट्टी है क्या?"

*

रिटायर होणाऱ्याचा आयडी त्याच संध्याकाळी उडवायचा, हा साहेबांचाच नियम. शेवटच्या दिवशी गळ्यात निरोपाचा हार तसाच ठेवून ते म्हणाले, "चल, तूच उडव."

मी उडवला. फार वाईट वाटलं.

खात्री करायला साहेब आपल्या टर्मिनलवर बसले, सकाळपासून लॉगिन होतंच. एक फाइल उघडली. उघडली की! दुसरीही उघडली. डेटाबेसमध्ये साहेब नव्हते, मेमरीत होते.

"साहेब, रिफ्रेश करते लगेच."

रिफ्रेशला एक मिनिट उशीर झाला तरी अख्खा विभाग डोक्यावर घेणारा तो माणूस स्क्रीनकडे बघत राहिला.

"करू," म्हणाले. "तू आधी पाणी पिऊन ये."