टाकी दिसते का, मामा?

पुंजाराममामांना तंबाखू नाही, सुपारी नाही, थुंकायची सवय तर मुळीच नव्हती. पण हल्ली आबासाहेबांचं नाव निघालं की ते बाजूला वळून पचकन थुंकतात, आणि मग स्वतःच्याच तोंडाची किळस आल्यासारखं पाणी मागतात.

कर्जतकडच्या एका माळावर खासगी धावपट्टी आहे. मामा तिथले अठरा वर्षांपासूनचे राखणदार. कुत्री हाकायची, गवत उपटायचं, आणि धुकं असलं तर सांगायचं. यंत्रबिंत काही नव्हतं. माप मामांनीच ठरवलेलं: पट्टीपलीकडे गावाची पाण्याची टाकी दिसली तर विमानानं यावं, नाहीतर येऊ नये. म्हणून कॅप्टन कल्याण पुण्याहून विमान घेऊन निघण्याआधी मामांनाच फोन करायचा. "टाकी दिसते का, मामा?" एवढंच विचारायचा.

जानेवारीतल्या त्या सकाळी टाकी राहू द्या, हातातल्या काठीचं टोक धड दिसत नव्हतं. फोन वाजला तेव्हा समोर व्यवस्थापक आबासाहेब फेटा बांधून उभे. कोणी मोठे साहेब पेट्रोल पंपाच्या उद्घाटनाला त्याच विमानाने यायचे होते, ढोलवाले ताटकळले होते.

"दिसती म्हन," आबासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. मामांनी नकारार्थी मान हलवली. "आरं, तू काय हवामान खात्याचा साहेब लागून गेलास व्हय? म्हन!"

"दिसती," मामा फोनात म्हणाले.

अर्ध्या तासाने विमान पट्टी शोधत खाली आलं. पट्टी सापडली नाही, शेजारच्या तुरीतला बांध सापडला. मग जे झालं, ते करणाऱ्यांना माणसं म्हणायला जीभ वळत नाही. हारतुरे घेतलेले सगळे साहेबांकडे धावले. साहेबांचा हात मोडला होता. दहा जणांनी त्यांना उचललं, वीस जणांनी मोबाईल वर धरले. पुढच्या फुटक्या काचेआड कल्याण मान टाकून बसला होता. त्याच्याकडे एकटे मामा गेले. दार निघेपर्यंत तो संपला होता. आणि मागे ढोल वाजतच होता, कारण थांबा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी आबासाहेब चहा घेऊन आले. "वैमानिकानं ऐकलं न्हाई, एवढंच सांगायचं. मेलेल्याला काय फरक पडतो? तुझी नोकरी ऱ्हाईल."

मामांनी चहा मातीत ओतला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कल्याणची बायको रोहिणी भिंतीला टेकून बसली होती. चूक तिच्या नवऱ्याचीच, असं तिला चौदा दिवस सगळे सांगत होते.

"शेवटचा फोन तुम्हाला आला होता," अधिकारी म्हणाले. "काय सांगितलंत?"

मामांनी आबासाहेबांकडे पाहिलं. त्या तोंडाची शिसारी आलीच, पण आपल्या तोंडाची जास्त आली.

"टाकी दिसत नव्हती सायेब. ह्यांनी 'दिसती म्हन' म्हनलं. पन त्यो ह्यांना कवाच इचारत नव्हता, मला इचारायचा. अन् मी दिसती म्हनलो." मग त्यांनी रोहिणीकडे बघत हात जोडले. "लिवा सायेब. आदी माजं नाव लिवा."