बिनफॉर्मच्या मॅडम

मॅडम बसायच्या. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर माझ्या तोंडून आधी हेच निघतं. आमच्या वाडीच्या गायरानावर एक चपटा काळा दगड आहे. त्यावर सकाळी बसल्या की ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या उठत नसत. विचारणं नाही, लिहिणंही फारसं नाही. वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकायचं, परत उभं राहायचं, आणि मॅडम ते बघत राहायच्या. लांब खाली बिंदुसरेच्या धरणाचं पाणी चकाकत असायचं.

आमच्याकडे माहिती घेणारे पुष्कळ येतात. शेळ्या किती, शाळेत पोरं किती, असं विचारून फॉर्म भरतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. मॅडम पुण्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चार वर्षांपूर्वी त्या आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या जुन्या मेंढपाळ तात्यांनी त्यांना हटकलं.

"फॉर्म कुठाय तुमचा?"

"आणला नाही."

"मंग आलात कशाला?"

"बघायला."

तेव्हापासून त्या बिनफॉर्मच्या मॅडम. आमच्या घराची वरची खोली त्यांनी दोन महिन्यांसाठी घेतली होती. मला सुरुवातीला त्यांची चीडच यायची. माझा दिवस याद्यांवर चालतो. सकाळची कामं, बचत गटाच्या बायका, बाजारातून आणायच्या वस्तू, सगळं वहीत. झालं की रेघ मारायची. ही बाई दिवसभरात कशावर रेघ मारते, ते मला कळत नसे.

त्या बोलायच्या संध्याकाळी, कुसळं काढताना. माळावरून आल्या की साडीचा काठ कुसळांनी भरलेला असायचा. ओसरीवर बसून एकेक कुसळ त्या निवांत उपसायच्या आणि वाटीत ठेवायच्या. एकदा तात्या चहाला आले होते. त्यांनी विचारलं, "मॅडमबाई, तुमी मास्तरीन तरी कशाच्या?"

"जे सगळ्यांचं असतं आणि एकट्या कुणाचं नसतं, त्याच्या."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे गावच्या टाकीच्या तोटीच्या. ती बी सगळ्यांची हाय, म्हून तर कुणी बंद करीत न्हाई."

मॅडम इतक्या हसल्या की वाटी कलंडली. मग सगळी कुसळं पुन्हा वेचली. "तोटी वाहते, मग तुमचं गायरान कसं टिकलं तात्या? त्यासाठी आलेय मी."

"ते काय ठावं न्हाई बा. बगा बसून."

गायरान टिकवण्याची आमची रीत अशी. पावसाळाभर माळावर कुणी जनावर घालत नाही. दसरा झाला की तात्या संध्याकाळी वर जातात आणि आपली घोंगडी गवतावर अलगद पसरतात. घोंगडी खाली बसली तर थांबायचं. गवतानं ती वरच्या वर तोलून धरली, की दुसऱ्या दिवशी कापणी. मावळतीच्या उजेडात ती काळी घोंगडी पिवळ्या गवतावर तरंगताना मी लहानपणापासून पाहते आहे. तिच्यावर बसून कुठंतरी जाता येईल, असं तेव्हा वाटायचं.

सकाळी घरटी एक माणूस विळा घेऊन येतं. तात्या दगडावर उभे राहून तीनदा ओरडतात, "कुणाचं ऱ्हायलं का?" खालून आवाज येतात. कुणाचा पाय मोडलेला असतो, कुणाकडे बाळंतीण असते. त्यांच्यासाठी कोण कापणार ते तिथंच ठरतं आणि मगच पहिला विळा चालतो.

दोन महिन्यांत मॅडमनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "सुमनताई, घरांची एक यादी मिळेल का?"

मला आनंद झाला. शेवटी ही बाई कामाला लागली. त्याच संध्याकाळी पारावर कापणीची बैठक होती. आलेल्या प्रत्येकाचं नाव मी लिहून घेतलं. हातासरशी माळाचे पट्टे पाडले, नावापुढे पट्टा टाकला आणि नेकनूरच्या बाजारात जाऊन छापून आणलं. मॅडमना एक प्रत दिली, एक पारावर लावली. सगळ्यांना ती फार आवडली. सरपंच म्हणाले, "तात्या, औंदा घशाला आराम. छापील हाय सगळं."

कापणीच्या सकाळी कुणी ओरडलं नाही. जो तो आपल्या पट्ट्यात गेला. नेहमी दुपार व्हायची, ते काम नाश्त्याच्या आत उरकलं. मी वही काढून रेघ मारणार, तेवढ्यात माळाच्या कडेला गयाबाई दिसल्या. हातात विळा तसाच.

"गयाबाई, कापा की."

"कुटं कापू? नाव न्हाई म्हनत्यात."

त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जायला निघाले होते. बैठकीच्या वेळी गयाबाई त्यांना गाडीवर पोचवायला सडकेला गेल्या होत्या. घरी एकट्या त्या, एक म्हैस आणि दोन शेळ्या. पोरं परत येईपर्यंत हे गवतच त्यांचा आधार. "न्हाई मिळालं तर म्हस इकावी लागंल," त्या कुणावर न रागावता म्हणाल्या.

शेजारच्या पट्ट्यातला महादू भला माणूस. तो म्हणाला, "ताई, माझी काय ना न्हाई. पन कुणाच्या पट्ट्यातलं द्यायचं? यादी तुमची हाय, तुमीच सांगा."

मॅडम दगडावरून उठून आल्या. त्यांना घाईनं चालताना मी तेव्हाच पाहिलं.

"यादी मी मागितली होती," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "एरवी राहिलेल्यांचं कोण कापायचं?"

"कुणीही. तात्यांनी विचारलं की कुणीतरी सांगायचंच."

मी तात्यांकडे गेले.

"तात्या, ओरडा."

"आता? त्या कागदाला ईचार की. बोलतोय का बग."

"चुकलं माझं. ओरडा."

तात्या गुडघ्यावर हात टेकत दगडावर चढले. तीनदा ओरडले. भारे डोक्यावर घेऊन उतरणारी माणसं वाटेत थबकली. मग महादूचाच आवाज आला, "गयाबाईचं ऱ्हायलंय."

माणसं माघारी वळली. प्रत्येकानं आपल्या भाऱ्यातून पेंढी उपसून दगडापाशी टाकली. दगड हळूहळू दिसेनासा झाला. मॅडम पेंढ्या हातात घेऊन रचत होत्या आणि त्या सगळ्या उन्हात गवताचा गोड वास भरून राहिला होता. अजूनही डोळे मिटले की तो येतो.

त्या संध्याकाळी कुसळं निघता निघत नव्हती. वाटीत एक कुसळ टाकत मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मुलांना नियम शिकवले. विचारायचं असतं, हे शिकवायचं राहिलंच." आणि मग, "तुमच्या याद्या चांगल्या असतात सुमनताई. शेवटी एक ओळ तेवढी कोरी ठेवत जा."

आठवड्यानं त्या गेल्या. एस.टी.च्या खिडकीतून त्यांनी हात केला, तेव्हा बाहीला एक कुसळ होतंच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या विद्यार्थिनीचा फोन आला. मॅडम गेल्या. मागोमाग टपालानं त्यांचा लेख आला, सगळा इंग्रजीत. मला त्यात एकच पान ओळखू आलं. माझी यादी होती, मराठीतच छापलेली. शेवटच्या नावाखाली एक रेघ ओढून जागा मोकळी सोडली होती. खाली बारीक इंग्रजी अक्षरात काहीतरी होतं, त्याचा अर्थ माझ्या मुलीनं सांगितला. "ही यादी अपुरी आहे. चूक संशोधकाची."

माझ्या वहीत आता प्रत्येक यादीखाली एक ओळ कोरी असते. किराण्याच्यासुद्धा.

यंदा तात्यांची घोंगडी गवतानं छान तोलून धरली. पण सकाळी त्यांचा आवाज फुटेना. "सुमन, तू वरड," ते म्हणाले. मी दगडावर चढले आणि तीनदा ओरडले. खालून "न्हाई, न्हाई" आलं. गयाबाई म्हणाल्या, "माझं बी न्हाई ऱ्हायलं. कर की सुरू, ऊन झालं."

तरी मी थोडी थांबले. वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं गवत परत उभं राहिलं. मग मी दगडावरून उतरले.