ज्येष्ठेच्या ओठांवरचा लाल रंग

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरात दर वेळी कुणाला तरी चिंचेखाली बाई दिसते... अहो, तिला माझ्या टेबलापर्यंत आणा, नाकाचं माप काढून देतो! इकडे हिंदी मुलखात, सोनागिरीत माझं थ्रीडी स्कॅनिंगचं दुकान आहे. वस्तूवर प्रोजेक्टरने काळे-पांढरे पट्टे टाकायचे. उंच-खोल भागावर पट्टे वाकतात, कॅमेरे ते टिपतात आणि कॉम्प्युटर हुबेहूब आकार उभा करतो. माझं यंत्र असं, की मुंगीला सर्दी झाली तर सुजलेलं नाक दाखवेल.

तर बरखेड्याच्या कुसुमकाकू दोन मुलांना घेऊन आल्या. कुटुंब मूळचं नागपूरचं. वडील गेल्यावर भावांनी घर वाटलं, भांडी वाटली, आणि मग हे दोन दिवे महालक्ष्म्यांच्या पितळी मुखवट्यांवर येऊन ठेपले. ज्येष्ठा थोरल्या श्रीकांतबरोबर नागपूरला, कनिष्ठा धाकट्या हेमंतकडे. जोडी पुरी करायला प्रत्येकाला दुसरीची नक्कल!

"अरे, बहिणी आहेत त्या," काकू म्हणाल्या. "जोडीनंच येतात, जोडीनंच जातात."

"आई, लॉजिक की बात कर ना," श्रीकांत म्हणाला. लॉजिक! बिस्किट चहात पडलं तर कपाला शिव्या देणारा माणूस.

चकचकीत पितळेवर पट्टे उमटत नाहीत, म्हणून मी पांढरा स्प्रे मारला.

"देवीला चुना फासतोस होय रे?"

"आपोआप उडून जातो, काकू."

आधी दोघींना शेजारी ठेवून स्कॅन केलं. झकास. मग हेमंतने आपला वाटा लगेच गाडीत नेऊन ठेवला — भावावर केवढा तो विश्वास! मी ज्येष्ठेला एकटीला स्कॅन केलं आणि दोन्ही आकार ताडून पाहिले. जुळलं तिथे हिरवं, फरक तिथे लाल. सगळा चेहरा हिरवा... आणि ओठांचे कोपरे लालभडक. खाली उतरलेले.

पितळ आहे हो ते, पुरणपोळी नाही!

यंत्र नव्याने जुळवलं. लालच. कनिष्ठेला आणून शेजारी ठेवलं — हिरवं. परत गाडीत — लाल.

"तेरी मशीन खटारा है," श्रीकांत म्हणाला. मग त्याचीच पाण्याची बाटली स्कॅन केली. पुन्हा पुन्हा केली. हिरवीगार.

काकू पडद्याकडे बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "रुसली."

शेवटी अस्सल दोघी काकूंकडेच राहिल्या. भावांना नकलांची एकेक जोडी दिली, जोडीच्या स्कॅनवरून बनवलेली. ऊन, धूळ, स्प्रेचा थर, टेबलाची थरथर, सगळं तपासून झालंय. दोष कशातच नाही. 'अंधश्रद्धा' असं लिहून पाठवू नका, तो शब्द मला तुमच्याआधी सुचला होता.

महालक्ष्म्या झाल्यावर श्रीकांतचा नागपूरहून फोन आला. आवाज उतरलेला.

"यार... हमारी नकल वाली भी अलग-अलग नापी थी क्या?"

"नापी थी. पूरी हरी."

"होठ भी?"

"होठ भी."

"तो अब कोने नीचे क्यों उतर आए हैं, यार?"